रक्ताचा आवाज

खोलीतला दिवा घालवा, मोबाईलचा टॉर्च लावा आणि त्यावर तर्जनी घट्ट दाबून धरा. बोट आतून लालभडक उजळेल. लहानपणी हा खेळ आपण सगळ्यांनीच केलेला असतो. पण टॉर्चचा उजेड पांढरा आहे. त्यात निळा, हिरवा, पिवळा, लाल असे सगळे रंग आहेत. मग बोटातून बाहेर पडताना एकटा लालच कसा उरतो? कारण बाकीचे रंग वाटेत बहुतांशी रक्ताने पिऊन टाकले. लाल रंगाची रक्ताला फारशी तहान नसते, म्हणून तो सुटून आला.

आता टीव्हीचा रिमोट घ्या. त्याचं तोंड मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्याकडे करा आणि कुठलंही बटण दाबा. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण बऱ्याच मोबाईलच्या स्क्रीनवर रिमोटच्या टोकाशी एक जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. हा अवरक्त प्रकाश. वर्णपटात लाल रंग संपतो तिथून पुढचा, आपल्या डोळ्यांच्या हद्दीबाहेरचा. त्यातला लालला अगदी लागून असलेला पट्टा म्हणजे 'निकट अवरक्त'. तो शरीरात लालपेक्षाही खोल शिरतो.

सुई न टोचता, शरीर न उघडता, वाहत्या रक्ताची अवस्था कशी ओळखायची, या प्रश्नाचा पाठलाग माणसं दीडशे वर्षं या उजेडाच्या मदतीने करत आली आहेत. त्या पाठलागाची ही गोष्ट आहे. आणि ती गोंदिया जिल्ह्यात उभं राहून सांगायची आहे, कारण तिथल्या हजारो घरांत 'रक्ताची अवस्था' हा विज्ञानाच्या पुस्तकातला धडा नसतो. ती रात्रभर कण्हणाऱ्या मुलाच्या उशाशी बसलेल्या आईची काळजी असते.

बांधीतला विळा, रक्तातला विळा

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि गोंदिया जिल्हा तयार झाला. उर्वरित महाराष्ट्राला तो ठाऊक असतो राइस मिलसाठी, नवेगावबांध-नागझिऱ्यासाठी आणि सारस पक्ष्यांसाठी. इथलं वर्ष धानाभोवती फिरतं. पावसाळ्यात बांधीत पोटरीभर चिखलात वाकून रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मे महिन्याच्या उन्हात जंगलात तेंदुपत्ता. म्हणजे वर्षभर आलटून पालटून शरीराला ओल, थंडी, ऊन, तहान आणि थकवा.

नेमक्या याच गोष्टी सिकलसेलच्या रुग्णाचं दुखणं चाळवतात.

आपली तांबडी पेशी एरवी गोल, मधे दबलेली आणि इतकी लवचीक असते की स्वतःपेक्षा बारीक नळीतूनही ती अंग चोरून निघून जाते. तिच्या पोटात हिमोग्लोबिन असतं. ते फुप्फुसात ऑक्सिजन उचलतं आणि जिथे गरज असेल तिथे सोडतं. सिकलसेलमध्ये या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी एक छोटा बदल असतो : ग्लुटामिक आम्ल असायला हवं तिथे व्हॅलिन. ऑक्सिजन चढलेला असतो तोवर हे हिमोग्लोबिन गुण्यागोविंदाने वागतं. ऑक्सिजन उतरला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून दोऱ्या वळायला लागतात, आणि त्या दोऱ्यांच्या ताणाने पेशी विळ्यासारखी वाकते. ताठर झालेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला रक्त पोचत नाही. मग हाडांत, पोटात, छातीत वेदना उठतात.

हा बदल आई आणि वडील दोघांकडूनही आला तर मूल रुग्ण होतं, एकाकडूनच आला तर वाहक. वाहकाला बहुधा काही त्रास नसतो. उलट फाल्सिपेरम जातीच्या जीवघेण्या मलेरियापासून त्याला बरंच संरक्षण मिळतं. जिथे जंगल, पाणी आणि मलेरिया पिढ्यानपिढ्या होते तिथे हा बदल टिकला, तो यामुळे. पूर्व विदर्भ त्यातलाच.

आजाराची पहिली वैद्यकीय नोंद आहे १९१० सालची, शिकागोतली. जेम्स हेरिक या डॉक्टरांनी ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तात 'विळ्याच्या आकाराच्या' पेशी पाहिल्याचं छापलं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. एखादा आजार रेणूच्या पातळीवर समजल्याचं ते पहिलं उदाहरण. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत सिकलसेल सापडला. आणि १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख 'लॅन्सेट' या ब्रिटिश नियतकालिकात आला. पुढच्या पाहण्यांतून स्पष्ट झालं की विदर्भात हा केवळ आदिवासींचा आजार नाही. अनुसूचित जातींमध्ये आणि इतर मागासवर्गीय समाजांमध्येही तो आहे.

तुम्ही सिकलसेलचे वाहक आहात की रुग्ण, हे आज रक्ताच्या तपासणीतून नेमकं कळतं. आधी विद्राव्यता चाचणी, मग खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. पण ही तपासणी सांगते ती जन्माची ओळख. आज रात्री या मुलाच्या फुप्फुसात काय चाललंय, मांडीच्या हाडात रक्त पोचतंय की नाही, हे ती सांगत नाही. त्यासाठी जिवंत शरीरात डोकवावं लागतं. एक्स-रेला हाड दिसतं, सोनोग्राफीला अवयवांचा आकार आणि रक्ताचा वेग दिसतो. रक्तात ऑक्सिजन आहे की नाही, हे मात्र दोघांनाही दिसत नाही. ते कळतं रंगावरून. ऑक्सिजन चढलेलं रक्त शेंदरी लाल, उतरलेलं काळपट. म्हणजे शरीराच्या आत रंग पाहता आला पाहिजे.

त्या दिशेने पडलेलं पहिलं पाऊल रक्तासाठी नव्हतंच. ते टेलिफोनच्या नादात पडलं.

उन्हाने वाजणारी चकती

टेलिफोनचं पेटंट मिळवून चार वर्षं झाल्यावर, १८८० मध्ये, अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स समनर टेंटर वॉशिंग्टनमध्ये तारेविना बोलण्याचा प्रयत्न करत होते. आवाजाने थरथरणाऱ्या आरशावर ऊन पाडायचं, परावर्तित झालेलं ते थरथरतं ऊन दूर उभ्या माणसाकडे पाठवायचं आणि तिथे सेलेनियमच्या साहाय्याने त्याचा पुन्हा आवाज करायचा. या यंत्राला त्यांनी नाव दिलं फोटोफोन. दोनशे मीटरहून लांब त्यांनी उन्हावरून आवाज पोचवला. बेल यांना हा आपला सर्वांत मोठा शोध वाटे, टेलिफोनपेक्षाही मोठा.

या खटपटीत एक आगंतुक गोष्ट हाती लागली. भोकं पाडलेली चकती फिरवून उन्हाचे झपाझप तुकडे केले आणि ते कठीण रबराच्या पातळ पत्र्यावर पाडले, तर तो पत्रा स्वतःच गुणगुणू लागे. सेलेनियम नाही, वीज नाही, नुसतं ऊन आणि रबर. मग बेल आणि टेंटर यांनी दिसेल ती वस्तू उन्हात धरून तिला कान लावला. गडद रंगाच्या, मऊ, सच्छिद्र वस्तू मोठ्याने वाजतात असं दिसलं. सगळ्यात मोठा आवाज काजळीचा.

कारण समजायला विदर्भातला उन्हाळा पुरे आहे. सकाळी ऊन चढू लागलं की टिनाचे पत्रे तडतडतात. तापले की पसरतात, निवले की आकसतात. उन्हाचे तुकडे सेकंदाला शेकडो वेळा पडले तर हे पसरणं-आकसणंही तितक्याच वेळा होतं, शेजारची हवा ढकलली जाते आणि कानाला सूर ऐकू येतो. जो पदार्थ जास्त उजेड पितो तो जास्त तापतो, म्हणून जास्त वाजतो. काळी काजळी सगळाच उजेड पिते, म्हणून ती सर्वांत गळेपडू.

१८८१ मध्ये बेल यांनी पुढची पायरी गाठली. लोलकातून ऊन जाऊ देऊन त्याचे रंग वेगळे केले आणि एकेका रंगात पदार्थ धरून ऐकले. लाल रंग संपला, पुढे डोळ्यांना अंधार होता, पण काजळी वाजतच राहिली. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश कानाने ऐकता येत होता. या यंत्राचं नाव स्पेक्ट्रोफोन.

पुढची कितीतरी दशकं या शोधाला कोणी फारसं विचारलं नाही. ऐकायचं तर चांगला मायक्रोफोन हवा आणि पाडायचा तर जोरकस, एकाच रंगाचा उजेड. दोन्ही नव्हतं. १९३८ मध्ये रशियात वायूंचं मिश्रण तपासायला ही युक्ती वापरली गेली. १९७० च्या दशकात ॲलन रोझेनक्वेग यांनी घन पदार्थांसाठी ती पुन्हा उभी केली, तीही बेल यांचंच नाव असलेल्या बेल लॅब्जमध्ये. तोवर लेसर आले होते.

जेवणाच्या ताटातलं हाड

आता शरीराकडे वळू. शरीरात उजेड जायला दोन पहारेकरी आडवे येतात. एक रक्त : ते निळा, हिरवा, पिवळा उजेड पिऊन टाकतं. दुसरं पाणी : ते दूरचा अवरक्त पिऊन टाकतं. पण या दोघांच्या मधे, साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, दोघांचीही नजर ढिली असते. तीच निकट अवरक्ताची खिडकी.

अवरक्त प्रकाश आहे हे १८०० मध्येच विल्यम हर्शेल यांना कळलं होतं. वर्णपटातल्या रंगांची उष्णता मोजताना लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे ठेवलेल्या तापमापकाचा पारा सर्वांत वर चढला. मात्र त्यातला एक पट्टा जिवंत शरीरासाठी खिडकीचं काम करतो, हे ठासून सांगायला १९७७ साल उजाडलं. ड्यूक विद्यापीठातले फ्रान्स योब्सिस यांनी 'सायन्स' नियतकालिकात दाखवलं की कवटी न उघडता, अवरक्त प्रकाश आरपार पाठवून मेंदूतल्या ऑक्सिजनचा माग काढता येतो.

त्यामागची हकीकत त्यांनीच नंतर लिहून ठेवली आहे. घरी जेवताना मांसाच्या तुकड्यातलं चपटं हाड दिव्यासमोर धरलं, तर त्यातून तांबूस उजेड येताना दिसला. काही मिलिमीटर जाडीच्या हाडातून लाल उजेड येत असेल, तर त्याहून लांब तरंगलांबीचा अवरक्त नक्कीच येईल, असं त्यांच्या मनात आलं. मोबाईलच्या टॉर्चवर बोट धरून आपण पाहतो ते हेच.

हिरवा रंग आणि कानातली खरखर

खिडकी सापडण्याच्या वीस वर्षं आधी, तिचा उपयोग करणारा एक रंग मात्र दवाखान्यात आला होता.

१९५० च्या दशकात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये हृदयाची कार्यक्षमता मोजायला रक्तात रंग टोचत आणि तो किती वेगाने पातळ होतो ते पाहत. अडचण अशी की त्या वेळचे निळे रंग जिथे उजेड पीत, तिथेच रक्ताचा स्वतःचा रंगही ऑक्सिजनप्रमाणे बदले. मोजतोय तो रंग की ऑक्सिजन, हेच कळेना. साधारण ८०० नॅनोमीटरपाशी मात्र ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त सारखाच उजेड पितं. नेमका तिथे उजेड पिणारा रंग हवा होता. तो मिळाला फोटोच्या फिल्मसाठी रंगद्रव्यं बनवणाऱ्या कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेतून. इंडोसायनिन ग्रीन. आयर्विन फॉक्स आणि अर्ल वुड यांनी १९५७ मध्ये त्याचा वापर प्रसिद्ध केला आणि १९५९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला परवानगी दिली. हा रंग रक्तातल्या प्रथिनांना चिकटून वाहिन्यांतच राहतो आणि काही मिनिटांत यकृतावाटे बाहेर पडू लागतो. सीटी स्कॅनच्या वेळी देतात त्या कॉन्ट्रास्टच्या इंजेक्शनचाच हा अवरक्तातला भाऊ. डोळ्याच्या पडद्यामागच्या रक्तवाहिन्या पाहायला तो आजही वापरतात.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये निहोन कोहडेन कंपनीतले इंजिनीअर ताकुओ आओयागी याच रंगावर काम करत होते. वारंवार रक्त न काढता, कानाच्या पाळीतून उजेड पाठवून रंगाचा आलेख मिळवायचा होता. पण आलेख सरळ येईना. दर ठोक्याला कानात रक्ताची लाट यायची आणि आलेखावर दातेरी खरखर उमटायची. ती पुसायला आओयागी यांनी दोन तरंगलांब्या घेतल्या : एक रंग पितो ती, दुसरी पीत नाही ती. दोघींचं गुणोत्तर काढलं की खरखर वजा होईल.

झालीही. पण माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन बदलला की ती पुन्हा डोकं वर काढी. इथे आओयागी थांबले आणि त्यांनी प्रश्न उलटा केला. खरखर ऑक्सिजनप्रमाणे बदलत असेल, तर तिच्यातूनच ऑक्सिजन का मोजू नये? कातडी, हाड, नीला यांचा उजेड स्थिर असतो. ठोक्याबरोबर हलतं ते धमनीतलं ताजं रक्त. म्हणजे जिला इतके दिवस पुसत होतो, तीच धमनीची बातमी होती. १९७४ मध्ये त्यांनी हे मांडलं. रंगाची गरज उरली नाही. रक्ताचा स्वतःचा रंग पुरेसा होता.

आपण कोविडच्या काळात बोटाला लावला तो ऑक्सिमीटर हाच. साधारण ६६० नॅनोमीटरचा लाल दिवा आणि ९४० चा अवरक्त. लाल उजेड ऑक्सिजन उतरलेलं रक्त जास्त पितं, अवरक्त ऑक्सिजन चढलेलं. दोघांच्या ठोक्यांची तुलना केली की आकडा येतो. एप्रिल २०२० मध्ये, जगभर या चिमट्यासाठी धावाधाव सुरू असताना, आओयागी वारले.

रक्त ऐकणारं यंत्र

ऑक्सिमीटर बोटाची आणि कानाची बातमी देतो. पण तो एकच आकडा असतो, चित्र नव्हे. गुडघ्याच्या हाडात रक्त अडलंय का, स्तनातल्या गाठीभोवती नव्या रक्तवाहिन्या उगवल्यात का, हे त्याला दाखवता येत नाही. कारण खिडकी असली तरी ती दुधी काचेची आहे. उजेड आत जातो, पण साधारण मिलिमीटरभर गेल्यावर इतका विखुरतो की कुठून आला हे ओळखू येत नाही. धुक्यात गाडीचा दिवा दिसतो, गाडी दिसत नाही, तसं.

आवाजाचं तसं नाही. सोनोग्राफीचा आवाज शरीरात उजेडापेक्षा सुमारे हजारपटीने कमी विखुरतो. म्हणून बेल यांची काजळी पुन्हा आठवली. उजेड आत पाठवायचा आणि बाहेर आवाज पकडायचा.

फोटोअकूस्टिक इमेजिंग ते हेच. निकट अवरक्त लेसरचा झटका द्यायचा, सेकंदाच्या काही अब्जांश इतकाच. शरीरात पसरलेला उजेड जिथे रक्त असेल तिथे प्यायला जातो. रक्त अंशाच्या एखाद्या हजाराव्या भागाने तापतं. एवढ्याने कोणाला चटका बसत नाही, पण क्षणार्धात झालेल्या त्या प्रसरणातून दाबाची लाट उठते. कानाला ऐकू न येणारा हा आवाज सेकंदाला दीड किलोमीटर वेगाने कातडीपर्यंत येतो आणि सोनोग्राफीसारख्या प्रोबवर टिपला जातो. तो यायला किती वेळ लागला यावरून खोली कळते, आणि दोन-तीन तरंगलांब्यांवर आवाजाची पट्टी कशी बदलली यावरून ऑक्सिजन. धमनी आणि नीला वेगवेगळ्या रंगांत रेखाटता येतात. खोली मिळते काही सेंटिमीटर.

या तंत्राचं नाव झालं ते २००३ मध्ये. लिहाँग वांग यांच्या गटाने उंदराची कवटी न उघडता मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं चित्र काढलं. मिशीला गुदगुल्या केल्यावर मेंदूच्या कुठल्या भागात रक्त धावतं, हेही त्यात दिसलं. जानेवारी २०२१ मध्ये स्तनातल्या गाठी तपासणाऱ्या अशा एका यंत्राला अमेरिकेत परवानगी मिळाली.

यात कॉन्ट्रास्ट कशाला? कारण रक्त सगळीकडेच आहे. कर्करोगाची बारीक गाठ किंवा कर्करोग पसरताना ज्या लसीका ग्रंथीत पहिल्यांदा उतरतो ती ग्रंथी, यांचा स्वतःचा आवाज क्षीण असतो. तिथे बाहेरून काहीतरी मोठ्याने वाजणारं पाठवावं लागतं. कोडॅकचा जुना हिरवा रंग इथे पुन्हा कामी आला. त्याच्यापाठोपाठ आलं सोनं. सोन्याचे अतिसूक्ष्म कण लांबट केले की जसजशी लांबी वाढते तसतसे ते अधिक लांब तरंगलांबीचा उजेड पितात. म्हणजे दागिन्याचा पिवळा धातू घडवून नेमका निकट अवरक्तात वाजणारा करता येतो. भारतात जन्मलेले स्टॅनफर्डचे संजीव गंभीर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये कार्बनच्या नॅनोनळ्या गाठीला चिकटवून उंदरात त्यांचा आवाज टिपला. काजळी कार्बनचीच. सव्वाशे वर्षांनी ती रक्तात उतरली.

पण प्रयोगशाळेतल्या उंदरापासून दवाखान्यातल्या माणसापर्यंतची वाट लांब आहे. हिरवा रंग काही मिनिटांत शरीरातून निघू लागतो. सोन्याचे कण मात्र यकृतात आणि प्लीहेत कितीतरी काळ बसून राहू शकतात. त्यांचं पुढे काय, याचं समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत परवानगी देणारे थांबतात, आणि ते बरोबरच आहे. सिकलसेलच्या रुग्णाची प्लीहा तर आधीच अडकलेल्या पेशींनी बेजार असते. तिथे आणखी एक पाहुणा पाठवण्याआधी शंभरदा विचार करायला हवा.

सुदैवाने सिकलसेलसाठी बाहेरचा रंग लागतोच असं नाही. इथे वाजणारी वस्तू आणि आजारी वस्तू एकच आहे : हिमोग्लोबिन. पेशीच्या आत त्याच्या दोऱ्या वळल्या, गोळे झाले, की लेसरच्या झटक्याला पेशी वेगळा प्रतिसाद देते. हा फरक पकडून वाहत्या रक्तातली वाकलेली पेशी ओळखण्याचे प्रयोग अमेरिकेत अर्कान्सासमधल्या व्लादिमिर झारोव्ह यांच्या गटाने केले आहेत. हे अजून संशोधनच आहे.

माप कुणाच्या कातडीवर घेतलं?

शरीरात निकट अवरक्तात वाजणारी आणखी एक नैसर्गिक गोष्ट आहे : मेलॅनिन, कातडीचा काळा रंग. लेसरचा उजेड आत जाण्याआधी त्याला कातडी ओलांडावी लागते. कातडी सावळी असेल तर बराच उजेड दारातच प्यायला जातो. आत कमी पोचतो आणि दारातलाच आवाज इतका मोठा होतो की आतलं कुजबुजणं झाकलं जातं. गोऱ्या स्वयंसेवकांवर घासूनपुसून तयार केलेलं यंत्र गोंदियात आणलं, तर ते इथल्या शेतमजुराच्या दंडावर तेच आणि तितकंच अचूक सांगेल, हे गृहीत धरता येत नाही.

ही नुसती भीती नाही. ऑक्सिमीटरच्या बाबतीत ती खरी ठरली आहे. सिद्धांताने पाहिलं तर आओयागींच्या युक्तीत कातडीचा रंग वजा व्हायला हवा, कारण तो ठोक्याबरोबर हलत नाही. व्यवहारात तसं झालं नाही. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी दाखवलं की यंत्र ९२ ते ९६ असा धीर देणारा आकडा दाखवत असताना, धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत ऑक्सिजन ८८ च्या खाली निघण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होतं, आणि कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के. जवळजवळ तिप्पट. सावळ्या कातडीत चूक होते, असं सांगणारे अभ्यास त्याआधीही झाले होते. साथ येऊन माणसं मरू लागेपर्यंत त्यांना किरकोळ खरखर समजलं गेलं.

असंच आपल्याकडच्या आजाराचंही झालं. भारतातला सिकलसेल आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य असतो, असं पुष्कळ काळ मानलं जाई. त्याला आधारही होता. इथला जनुकीय बदल आफ्रिकेपासून स्वतंत्रपणे उपजलेला आहे आणि इथल्या रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं, ते थोडं संरक्षण देतं. पण नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांच्यासारख्या बालरोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं मुलं तपासली तेव्हा दिसलं की विदर्भातल्या कितीतरी मुलांचा आजार मुळीच सौम्य नाही. वारंवार वेदना, वारंवार भरती, रक्त चढवणं. सरासरीच्या आकड्यात ही मुलं हरवत होती.

नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेलच्या रुग्णांची संघटना उभी केली, पुण्याचे डॉ. सुदाम काटे आदिवासी पाड्यांत रक्त तपासत फिरले. दोघांनाही पुढे पद्मश्री मिळाली. अशा माणसांनी रेटा लावल्यावर सिकलसेलला सरकारी कागदांत जागा मिळाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार आला. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं तिचं उद्दिष्ट आहे.

यंत्र येईपर्यंत

गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्ट्यातून तिथे पोचायला मात्र आजही वेळ लागतो. लेसर आणि प्रोबचं यंत्र उद्या तिथे येईल असं मी म्हणणार नाही. ते महाग आहे, आणि आपल्या रुग्णांसाठी त्याचं माप अजून घेतलेलं नाही. ते यावं असं वाटत असेल तर मागणी नुसती यंत्राची करून भागणार नाही. त्याची चाचणी इथल्या रक्तावर आणि इथल्या कातडीवर व्हावी, अशी करावी लागेल. ज्या भागात आजार सर्वांत जास्त आहे, तिथली माणसं चाचणीत नसतील तर यंत्राला त्यांचा आवाज ओळखता येणार कसा?

तोपर्यंत हातात आहे तो आओयागींचा चिमटा. गावातल्या आशाताईकडे किंवा आरोग्य केंद्रात तो बहुधा मिळतो. सिकलसेलच्या रुग्णासाठी त्याचा एक साधा उपयोग आहे आणि तो फार घरांना माहीत नसतो. या आजारात हिमोग्लोबिन ऑक्सिजन लवकर सोडतं. त्यामुळे बऱ्याच रुग्णांचा, अगदी बरं असतानाचा आकडाही ९८-९९ नसतो, त्याहून खाली असतो. म्हणून सगळ्या जगासाठी छापलेला 'नॉर्मल' आकडा त्यांच्या कामाचा नाही. कामाचा आहे तो त्यांचा स्वतःचा नेहमीचा आकडा. मूल बरं असताना, हात गरम असताना, मेंदी किंवा नेलपॉलिश नसलेल्या बोटाला चिमटा लावायचा आणि दोन-चार वेगवेगळ्या दिवशी येणारा आकडा कार्डावर किंवा मोबाईलमध्ये लिहून ठेवायचा. नंतर कधी ताप आला, छातीत दुखलं, धाप लागली आणि आकडा त्या नेहमीच्यापेक्षा तीन किंवा जास्त अंकांनी उतरला, तर ती फुप्फुसात अडथळा होत असल्याची खूण असू शकते. मग रात्र असो की रोवणीचा दिवस, दवाखाना गाठायचा. आकडा नीट असूनही मूल घाबरं झालं असेल, तर विश्वास मुलावर ठेवायचा, यंत्रावर नाही. त्याचं कारण वर आलंच आहे.

तुमच्या घरात, शेजारी, वर्गात सिकलसेलचं कोणी असेल, तर हा आकडा त्यांच्याकडे लिहिलेला आहे का, एवढं विचारून पाहा.